‘मला गुरांची डॉक्टर व्हायचं आहे’

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या बाईला पाहुणी म्हणून बोलवावे आणि तिने आरोग्य, पाककला किंवा संतवाङ्मय ह्यांपैकी एखाद्या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आपल्याकडची रीत आहे. मी तर जन्मभर गोठ्यांतून हिंडलेली बाई. तेव्हा चिटणीसबाईंनी विषय विचारला, त्या वेळी मी जरा घोटाळ्यात पडले होते. परंतु विषय मला शोधावा लागला नाही. तो ह्याच मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता.

झाले असे, की तिळगूळ घ्यावयास सहावीतील एक मुलगी पुढे आली. मी सहज विचारले, “मोठेपणी कोण होणार?” ती म्हणाली, “मला गुरांची डॉक्टर व्हायचं आहे.” बायका हसल्या. तिची आई ओशाळून म्हणाली, “बाई, तिचं काही मनावर घेऊ नका, दिवसभर शेळीच्या मागं असते.” मुलगी मात्र हसली नाही. तिने मला विचारले, “आत्तापासून काय करू?” त्या गर्दीत मी तिला कसलेसे उत्तर देऊन वाटेला लावले, ह्याची मला घरी गेल्यावर लाज वाटली. तिच्या प्रश्नाचे जे नीट उत्तर मी द्यावयास हवे होते, ते आज देते. ते तिच्याकरिता आहे, तसे तिच्या आईकरिताही आहे. किंबहुना आईकरिता थोडे अधिकच.

आधी माझे सांगते. माझा जन्म भोकरदन तालुक्यातील एका लहान गावातला. तेव्हा आमचा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा पुढे १ मे १९८१ रोजी झाला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई-वडील खडी फोडावयास जात, सुकडी आणि लाल मिलो आणत. घरी आजोबा, मी आणि तांबू नावाची गाय. वैरण संपत आली होती. गायीच्या बरगड्या मोजता येत होत्या. शेतातील ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपून गेली होती. पण मध्येच एक सर पडली आणि त्या खुरटलेल्या धाटांना बुडापासून हिरवेगार फुटवे फुटले. आजोबा म्हणाले होते, “तिकडं गाय नेऊ नकोस.” का, ते त्यांनी सांगितले नाही; त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितले नसावे. मला वाटले, म्हाताऱ्याला पीक वाचवायचे आहे. एका दुपारी आजोबांचा डोळा लागला आणि मी दया येऊन तांबूला त्या रानात सोडले.

तिने अधाशासारखे खाल्ले. मी बांधावर बसून आनंदाने पाहत होते. मग ती थांबली, तिला धाप लागली, पाय लटपटले, तोंडाला फेस आला आणि ती आडवी झाली. मी ओरडत गावाकडे पळाले. माणसे येईपर्यंत सारे संपले होते. रात्री आई आली. तिने मला मारले नाही, काही बोललीही नाही. चूल न पेटवता ती गोठ्याच्या उंबऱ्यात बसून राहिली.

पुढे १९८० साली मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. विषबाधेच्या पाठात गुरुजींनी फळ्यावर लिहिले: कोवळी ज्वारी. पाण्याचा ताण पडलेल्या खुरट्या ज्वारीत, विशेषतः तिच्या नव्या फुटव्यांत, असे द्रव्य असते की जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. जनावर मोकळ्या हवेत उभ्या उभ्या गुदमरते. फुलोऱ्यानंतर धोका पुष्कळ कमी होतो, आणि नीट वाळलेल्या कडब्यात तो फारसा उरत नाही. उताराही आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेवर दिले तर जनावर उठून उभे राहते. हे थायोसल्फेट म्हणजे फोटो धुणाऱ्यांकडे जो ‘हायपो’ असे, तोच. मी बाकावर बसून रडू लागले. शेजारच्या मुलांना काही कळेना.

हे इतके लांबण लावून सांगितले, त्याचे कारण आहे. ‘माझ्या मुलीला प्राण्यांची फार माया आहे, म्हणून ती पशुवैद्य होईल,’ असे पुष्कळ आया मला सांगतात. माया हवीच. परंतु तांबूला मी मायेनेच मारले. आजोबांना नियम ठाऊक होता, त्याचे कारण ठाऊक नव्हते. म्हणून त्यांचा नियम माझ्या गळी उतरला नाही. तेव्हा मुलीची तयारी कोठून सुरू करावयाची, तर ‘का?’ ह्या प्रश्नापासून. म्हैस पाण्यात का बसते? गाय रात्रभर काय चघळते? आईला उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण विचारू’ असे म्हणावे. ‘गप्प बस’ म्हणू नये, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

माणसांच्या डॉक्टरला रोगी सांगतो, “डॉक्टर, इथे दुखते.” आमचा रोगी काही सांगत नाही, आणि त्याच्या वतीने जो बोलतो, त्याला बहुधा काही ठाऊक नसते! हे मी थट्टेने म्हणत नाही. मी नोकरीत होते तेव्हा, बदनापूरकडच्या एका वस्तीवर दुभती गाय खात नाही म्हणून बोलावणे आले. घरातील चार पुरुष पुढे झाले. “काल संध्याकाळपासून खात नाही,” एवढेच चौघे चार तऱ्हांनी सांगत होते. मी ताप पाहिला, पोट पाहिले. नक्की काही हाती लागेना. तेवढ्यात दाराआडून सुनेचा आवाज आला, “तीन रोज झाले, ती बसताना भिती. अन् उतार उतरताना कण्हती.” मी तिला बाहेर बोलावले आणि हळूच विचारले, “गोठ्यात सुई-तार काही हरवली होती का?” तिचे डोळे भरून आले. गोधडीची मोठी सुई आठ दिवसांमागे गव्हाणीपाशी हरवली होती. सासूच्या धाकाने ती बोलली नव्हती.

गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने वैरण ओढते, न चावता गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. वैरणीबरोबर सुई, खिळा, तारेचा तुकडा गेला तर तो जड म्हणून पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात, जाऊन पडतो. जाळीपोट आणि हृदय ह्यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा आणि थोडे अंतर. सुई पुढे सरकली की हृदयच गाठते. त्या गायीचे पोट उघडून आम्ही सुई काढली आणि गाय वाचली. तिला मी वाचविले असे लोक म्हणाले, पण रोग ओळखला होता सुनेने.

बायांनो, आपल्या जिल्ह्यात शेण कोण काढते, पाणी कोण दाखवते, धार बहुतेक घरी कोण काढते, हे मी तुम्हाला सांगावयास नको. जनावराची खडान्‌खडा माहिती असते ती बाईला. आणि डॉक्टर आला की बोलतो पुरुष. तुमची मुलगी जर तुमच्याबरोबर गोठ्यात वावरत असेल, तर तिची शाळा सुरू झालीच आहे. तिला फक्त एक वही द्या.

त्या वहीत काय लिहावयाचे? रोज एकाच जनावराचे, एकाच वेळी, पाचच मिनिटे पाहून लिहावयाचे. खाल्ले का? रवंथ केला का? शेण कसे, पातळ की गोळ्यांचे? नाकपुडी ओलसर आहे की कोरडी? दूध किती? जनावर कळपात उभे आहे की एकटे? मग हळूहळू मोजणी. जनावर शांत उभे असताना दूरून कुशीची हालचाल पाहून मिनिटाचे श्वास मोजता येतात. मोठ्या गायीचे साधारण १५ ते ३० भरतात. शांत गायीच्या डाव्या भकाळीवर मूठ टेकवून उभे राहिले, तर पोट मिनिटातून एकदोनदा मुठीला उचलते. हे पहिल्यांदा हाताला लागते तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते पाहण्यासारखे असते! गायीचे नेहमीचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास, शेळीचे १०२ ते १०३. म्हणजे आपल्याला ज्या आकड्याला अंथरूण धरावे लागते, त्या आकड्यावर शेळी उड्या मारीत असते. निरोगी जनावर कसे असते, हे ज्याच्या डोळ्यांत पक्के बसले, त्याला आजारी जनावर शंभर पावलांवरून ओळखू येते. माझे निम्मे रोगनिदान फाटकातून आत शिरतानाच होत असे.

ज्यांच्या घरी गोठा नाही, जालना शहरात दोन खोल्यांत राहतात, त्यांनी काय करावे? गल्लीतील कुत्रीची पिले, शेजारची शेळी, कोंबड्या, कोणतेही जनावर चालेल. एका मुलाने मला कबुतरांची वही आणून दाखविली होती. इतकी सुबक वही मी आमच्या खात्यातही क्वचित पाहिली. शेळी असेल तर फारच उत्तम. फळल्यापासून सुमारे १५० दिवसांनी शेळी विते. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर मांडावी आणि अंदाज किती चुकला ते पाहावे. गायीचे दिवस २८० च्या आसपास, म्हशीचे ३१० च्या. आपल्या मराठवाड्यात उस्मानाबादी शेळी घरोघर आहे. ती पुष्कळदा जुळी देते. एका करडाचा हिशेब मुलीच्या नावे ठेवावा, खुराक किती, औषध किती, विक्री किती. पैशाचा हिशेब न कळणारा पशुवैद्य शेतकऱ्याच्या काय कामाचा? दोन हजारांच्या शेळीला तीन हजारांचे औषध लिहून देणारे नवे डॉक्टर मी पाहिले आहेत.

गणिताचे नाव निघाले म्हणून सांगते. औषध द्यावयाचे ते वजनावर. आणि गाय काही काट्यावर उभी करता येत नाही. त्यालाही युक्ती आहे. पुढच्या पायांमागे छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ३०० ने भागावे. वजन पौंडांत येते. घेर ६० आणि लांबी ५० इंच असेल तर ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो. शिवणाची टेप ६० इंचांचीच असते, ती अपुरी पडेल. तेव्हा सुतळीने मापावे आणि सुतळी टेपवर धरावी. ‘हे गणित कशाला शिकायचे’ म्हणून रडणारी मुले सुतळी घेऊन गोठ्यात पळालेली मी पाहिली आहेत.

आता आईच्या काळजीचा भाग, आणि तो मी मुळीच हसण्यावारी नेणार नाही. गायीने गाभ टाकला असेल, तर ते वासरू, ती वार, तो स्राव ह्यांना मुलाने हात लावता कामा नये. मोठ्यांनीही उघड्या हाताने लावू नये. ब्रुसेलोसिस नावाचा रोग त्यातून माणसाला होतो आणि वर्षानुवर्षे ताप आणि सांधेदुखी मागे लावतो. ह्या रोगाची लस कालवडीला आणि वगारीला चार ते आठ महिन्यांच्या वयात टोचून घेता येते. दुसरे पिसाळीचे. पिसाळलेल्या गायीच्या तोंडातून लाळ गळते, तिला गिळता येत नाही. लोकांना वाटते घशात काही अडकले, आणि ते तोंडात हात घालतात. असे कधीही करू नये. कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि तडक दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद नको, चुना नको, मांत्रिक नको. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली आणि मुलगा जगला. तेव्हापासून इतकी वर्षे लोटली, तरी आपण मिरची भरतो ह्याला काय म्हणावे!

आणि मुलांनी औषध देण्याचा प्रयोग करू नये. उरलेली बाटली, कोणाकडून तरी आणलेले इंजेक्शन, ह्यांचे परिणाम कोठवर जातात ते कळत नाही. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर पडले की आभाळातून गिधाडे उतरत आणि थोड्या वेळात नुसता सांगाडा उरे. ती गिधाडे कोठे गेली? जनावरांना दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक ह्या औषधाचा अंश मेलेल्या ढोरांत राही आणि ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली उघड झाले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी ते औषध बंद झाले. तोवर कोट्यवधी पक्षी गेले होते. आपण एका गायीला सुई टोचतो, ती आभाळापर्यंत पोहोचते.

लहान मुलाने आजच करावे असे काम विचाराल, तर ते अगदी साधे आहे. गव्हाणीभोवतीच्या सुया, खिळे, तारा वेचाव्या. उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून रस्त्यावर टाकू देऊ नये. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, पण गायीच्या पोटात अजून त्या निघतात. आणि पोळ्याला बैलाला पुरणपोळ्यांचा मारा करणाऱ्या आजीला प्रेमाने आवरावे. एरवी कडबा खाणाऱ्या बैलाच्या पोटात एकदम इतका गोड आणि पिठाळ घास पडला, की आंबण होऊन आम्ल चढते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यात जी गर्दी होई, ती मी विसरणार नाही. एक पोळी नैवेद्याची द्यावी, बाकीच्या आपण खाव्या. बैल रागावत नाही.

जरा मोठे झाल्यावर, आठवी-नववीत, सुट्टीच्या दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन बसावे. लाळ्या-खुरकुताच्या किंवा घटसर्पाच्या लसीकरणाच्या दिवशी नोंदवहीत नावे लिहिण्यास मदत करावी. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात आईबरोबर एकदा जाऊन यावे. बाजारात आजोबांबरोबर जाऊन दुदाती, चौसा आणि जुळलेला बैल दातांवरून ओळखावयास शिकावे. आणि शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलावयास शिकावे. हे पुस्तकात नाही. शहरातून शिकून आलेले आमचे काही सोबती ‘अपचन’ म्हणत आणि समोरची म्हातारी गोंधळून जाई.

शाळेचे आणि परीक्षेचे थोडक्यात सांगते, कारण ते विचारले की कोणीही सांगेल. दहावीनंतर विज्ञान शाखा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. महाराष्ट्रात प्रवेश ‘नीट’ ह्या परीक्षेच्या गुणांवर मिळतो, तीच परीक्षा माणसांच्या डॉक्टरांचीही. पदवीचा काळ साडेपाच वर्षे, त्यात शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. त्यानंतर पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदविल्यावाचून डॉक्टर म्हणून उपचार करता येत नाहीत. पदविका घेतलेल्यांचे काम मोलाचे असले तरी ते निराळे. सर्वांत जुने महाविद्यालय मुंबईत परळला, १८८६ चे; नागपूरचे १९५८ चे, आपल्या शेजारचे परभणीचे १९७२ चे, मग उदगीर आणि शिरवळ. २००० साली नागपूरला पशू व मत्स्य विज्ञानाचे निराळे विद्यापीठ झाले, त्याखाली ही सारी आली. नियम बदलतात, त्या त्या वर्षीची माहितीपत्रिका पाहावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

पुष्कळ मुली ‘एम्.बी.बी.एस्. मिळाले नाही म्हणून’ इकडे येतात. त्यांना मी दोष देत नाही. कित्येक पुढे नामांकित झाल्या. परंतु आपणहून इकडे यावयाचे म्हणणारी सहावीतील मुलगी मला फार दिवसांनी भेटली.

‘बाईमाणसाचे हे काम नव्हे’, हे वाक्य मी वडिलांकडून ऐकले, नातेवाइकांकडून ऐकले आणि नोकरीत एका वरिष्ठांकडूनही ऐकले. ते आपल्याकडचेच आहे असे मात्र समजू नका. आयर्लंडमध्ये १८६८ साली जन्मलेल्या एलीन कस्ट ह्या बाईंनी एडिंबरोस पशुवैद्यकाचा सारा अभ्यास पुरा केला. परंतु केवळ बाई म्हणून त्यांना अंतिम परीक्षेस बसू दिले नाही. त्यांनी पदवीवाचूनच आयर्लंडच्या खेड्यांतून घोड्यांवर आणि गुरांवर उपचार केले. १९१९ साली कायदा बदलला आणि १९२२ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे नाव नोंदवहीत लागले. आपल्या देशात मद्रासच्या महाविद्यालयातून १९५२ साली पदवी घेतलेल्या डॉ. सक्कूबाई रामचंद्रन ह्यांचे नाव पहिल्या महिला पशुवैद्य म्हणून घेतले जाते. ताकद लागते हे खरे. पण अडलेल्या म्हशीपुढे कोणाचीच ताकद पुरत नाही, पुरुषाचीही नाही. तेथे दोरी कोठे बांधावी आणि कळ केव्हा येते हे कळावे लागते. लहान हात तर आत जाण्यास बरा! विराटाच्या घरी नकुलाने घोडे सांभाळले आणि सहदेवाने गायी. राजपुत्रांना त्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्या मुलींना का वाटावा?

‘गुरांचा डॉक्टर म्हणजे शेणातले काम,’ असेही म्हणतात. आहे शेणातले. पण बुळकांडीचे नाव येथे बसलेल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. गोठेच्या गोठे एका आठवड्यात ओस पाडणारा रोग. हे काम करणाऱ्या माणसांनी गावोगाव लसी टोचल्या, आणि २००६ मध्ये भारत त्यातून मुक्त झाला, २०११ मध्ये सारे जग झाले. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग. तसेच २०२२ साली लम्पी आला तेव्हा मी निवृत्त होते. तरी रोज चार फोन येत. गाठी पाहून बायका रडत. तो डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचिडांमार्फत पसरतो, तेव्हा गोठा साफ ठेवा, आजारी जनावर निराळे बांधा आणि शेळ्यांच्या देवीची लस गायीला टोचून घ्या, हे मी ओट्यावर बसून फोनवर सांगत राही. आता तर १९६२ क्रमांक फिरविला की फिरत्या दवाखान्याची गाडी येण्याची सोय आहे.

एक गोष्ट सांगण्याचे मी टाळत होते. मुलीला जनावराचे मरण पाहू द्यावे. करडू मेले तर ‘देवाघरी गेले’ म्हणून ते लपवून पुरून टाकू नये. तिला विचारू द्यावे, काय झाले होते, आधी काय दिसले होते, वहीत काय लिहिले होते. ह्या धंद्यात सगळे वाचत नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात, चारा-पाण्यावाचून खंगलेली जनावरे माझ्यापुढे आली आणि माझ्या पेटीत त्यांच्यावर औषध नव्हते. त्यांना भूक लागली होती. एका शेतकऱ्याने विचारले, “ताई, खरं सांगा, जगंल का?” मी खरे सांगितले. तो बैल विकून त्याने दुसऱ्याला चारा घेतला. खोटी आशा लावली असती तर दोन्ही गेले असते. हे सांगावयाचे बळ पदवीबरोबर येत नाही. ते ज्याचे त्याला लहानपणापासून जमवावे लागते.

त्या संक्रांतीच्या मुलीला मी आज सकाळी पुन्हा पाहिले. ती मागे खांबाशी उभी आहे, आणि तिच्या शेळीला साडेचार महिने झाले आहेत असे तिने मला मघाशी कानात सांगितले. तेव्हा पंधरा दिवसांत करडे होतील. मुली, ह्या रविवारी सकाळी वही आणि सुतळी घेऊन माझ्याकडे ये. शेळी विताना काय पाहावयाचे आणि कशाला हात लावावयाचा नाही, ते आपण आधी कागदावर मांडू. येताना आईलाही आण. तिला म्हणावे, बाईंनी तुलाच बोलाविले आहे. शेळीचे दूध गेल्या वेताला किती दिवस टिकले, ते तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही.